पुण्याहून अमेरिकेतल्या शाखेत माणूस पाठवायचा तर: एल-१ची फाइल कशी बांधावी

एल-१ म्हणजे कंपनीने आपल्याच परदेशातल्या कर्मचाऱ्याला अमेरिकेतल्या शाखेत बदलीवर नेण्याचा व्हिसा. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी (पदवी लागणाऱ्या नोकरीसाठीचा व्हिसा) अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार बसला, आणि एल-१ला तो लागू नाही म्हटल्यावर साहजिकच अनेकांची नजर इकडे वळली. एल-१ला लॉटरी नाही, वर्षाकाठची संख्यामर्यादा नाही, अमेरिकी श्रम खात्याकडून वेतनाचं प्रमाणपत्र आणायचं नाही. म्हणून तो सोपा असेल असं मात्र समजू नका. एच-१बीमध्ये मुख्यतः माणसाची पदवी आणि नोकरी यांचा मेळ बघतात. एल-१मध्ये तीन गोष्टी कागदावर उभ्या कराव्या लागतात: इथली कंपनी आणि तिथली कंपनी यांचं मालकीचं नातं, माणूस आजवर इथे काय करत होता, आणि तो तिथे जाऊन काय करणार.

फाइल तपासणारा अधिकारी तुमचा चाकणचा कारखाना किंवा हिंजवडीचं ऑफिस कधीच बघणार नाही. त्याच्यापुढे फक्त कागद असतात. त्यातही अर्जासाठी मुद्दाम लिहिलेल्या पत्रापेक्षा कामाच्या ओघात आपोआप तयार झालेल्या कागदावर (बोर्डाचा ठराव, पगारपत्रक, ट्रेनिंगची नोंद, मंजुरीचा ईमेल) त्याचा जास्त विश्वास बसतो. म्हणून वकील गाठण्याआधी हे कागद कोणत्या कपाटात आहेत ते बघा.

ए की बी

एल-१ए हा मॅनेजर आणि एक्झिक्युटिव्ह यांच्यासाठी. कमाल मुदत सात वर्षं. एल-१बी हा कंपनीचं विशेष ज्ञान असलेल्यांसाठी; कमाल पाच वर्षं. दोन्हींत पहिली मंजुरी साधारण तीन वर्षांची आणि पुढची वाढ दोन-दोन वर्षांची मिळते. शाखा नवी असेल तर पहिल्यांदा एकच वर्ष.

निवड माणूस बघून करा, मुदत बघून नाही. बीच्या लायकीचा उत्तम इंजिनिअर सात वर्षांच्या मोहात एमध्ये घातला, की तो ना मॅनेजर ठरतो ना तज्ज्ञ. आधी बीवर पाठवून नंतर बढती देता येते. पण सात वर्षांचा लाभ हवा असेल तर सुधारित पिटिशन (अमेरिकी कंपनीने सरकारकडे करायचा अर्ज) मंजूर करून घ्यावं लागतं आणि पाच वर्षं संपायच्या निदान सहा महिने आधीपासून माणूस मॅनेजरच्या पदावर असावा लागतो. हे चौथ्या वर्षाच्या मध्यातच कॅलेंडरवर टाकून ठेवा.

एका वर्षाची अट आणि तिच्यातल्या फटी

पिटिशन दाखल करण्याच्या आधीच्या तीन वर्षांत माणसाने तुमच्या समूहातल्या परदेशी कंपनीत सलग एक वर्ष पूर्णवेळ नोकरी केलेली हवी. ही अट वाचायला सरळ आहे, पण ती चार ठिकाणी हमखास चुकते.

पहिली चूक अमेरिकावाऱ्यांची. बी-१ या व्यवसायभेटीच्या व्हिसावर तिकडे घालवलेले दिवस त्या वर्षात मोजत नाहीत. त्यांनी सलगता तुटत नाही, पण तेवढे दिवस पुढे भरून काढावे लागतात. वर्षभरात ७० दिवस ग्राहकाकडे गेलेले असतील तर आणखी ७० दिवस भारतात भरा आणि मगच दाखल करा. पासपोर्टवरचे शिक्के घेऊन तक्ता मांडा, आठवणीवर जाऊ नका.

दुसरी चूक कन्सल्टंटची. माणूस दोन वर्षं तुमच्याच केबिनमध्ये बसतोय, पण पैसे व्यावसायिक फी म्हणून टीडीएस कापून जातात. तो नोकर ठरवणं फार अवघड जातं. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुक या चारही ठिकाणी तीच कंपनी आणि त्याच तारखा दिसायला हव्यात.

तिसरी चूक समूहातल्या बदलीची. माणूस सहा महिने पुण्यातल्या कंपनीत आणि सहा महिने सिंगापूरच्या भगिनी कंपनीत होता, तर हे चालतं. फक्त सिंगापूरच्या कंपनीचं नातंही मग सिद्ध करावं लागतं.

चौथी चूक नवी शाखा काढणाऱ्यांची. नव्या ऑफिससाठी एल-१ए मागताना भारतातलं ते एक वर्षसुद्धा मॅनेजर किंवा एक्झिक्युटिव्ह म्हणूनच गेलेलं असावं लागतं. जुन्या, चालत्या शाखेसाठी ही सक्ती नाही. तिथे इथे विशेष ज्ञानाचं काम केलेला माणूस तिकडे मॅनेजर म्हणून जाऊ शकतो.

मालकीचं नातं: घरचा मामला इथे चालत नाही

अमेरिकी कंपनी ही तुमची शाखा, उपकंपनी, मूळ कंपनी किंवा एकाच मालकीखालची भगिनी कंपनी असायला हवी. नाव, लोगो किंवा वेबसाइट एक असण्याला काडीची किंमत नाही. समान मालकी आणि समान नियंत्रण दोन्ही दिसलं पाहिजे.

कौटुंबिक धंद्यांत नेमकं इथेच बिनसतं. भारतातली प्रायव्हेट लिमिटेड दोघा भावांच्या निम्म्या-निम्म्या मालकीची. अमेरिकेतली कंपनी मात्र न्यू जर्सीतल्या मेव्हण्याच्या नावावर ५१ टक्के, कारण 'तो तिथे आहे, सह्या सोप्या पडतात'. घरात हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणाला वावगं वाटत नाही. कायद्याच्या नजरेत मात्र त्या दोन परक्या कंपन्या. दोघे भाऊ दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात मालक असते तर काम झालं असतं. नवऱ्याची इथली कंपनी आणि बायकोची तिथली, हेही नातं मानत नाहीत.

पैशाचा माग तितकाच महत्त्वाचा. अमेरिकी कंपनीचे शेअर भारतीय कंपनीने घेतले असं म्हणता, तर पैसेही भारतीय कंपनीच्याच खात्यातून गेलेले हवेत. ऑगस्ट २०२२ पासूनच्या परदेशी गुंतवणुकीच्या नियमांप्रमाणे कंपनीने अधिकृत डीलर (परकीय चलनाची परवानगी असलेल्या) बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून, यूआयएन हा त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक घेऊन मगच पहिली रक्कम पाठवायची असते. त्यानंतर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर (त्या गुंतवणुकीचा वार्षिक अहवाल) भरायचा असतो. घाईत संचालकाने स्वतःच्या खात्यातून एलआरएसखाली (व्यक्तीला परदेशी पैसे पाठवू देणारी योजना, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा) पैसे पाठवले, तर ते शेअर त्या संचालकाचे, कंपनीचे नव्हेत. मग उपकंपनीची साखळी तुटते. संचालक दोन्हीकडे बहुमतातला मालक असेल तरच भगिनी कंपनी म्हणून वाचता येतं.

या भागात जोडायचे कागद: भारतीय कंपनीचं इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट, भागधारकांचं रजिस्टर, अलीकडचा एमजीटी-७ (कंपनीचं वार्षिक विवरणपत्र), ऑडिट झालेले ताळेबंद, जीएसटी विवरणपत्रं, अमेरिकी कंपनीचं स्थापनापत्र, शेअर सर्टिफिकेट आणि स्टॉक लेजर (एलएलसी असेल तर ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट), यूआयएनचं पत्र आणि रक्कम पोचल्याचा स्विफ्टचा कागद. हे सगळे एकमेकांसमोर ठेवून टक्केवारी जुळवा. रजिस्टरमध्ये ६० टक्के आणि एमजीटी-७मध्ये ५५ टक्के असं दिसलं तर खुलासा दाखल करण्याआधीच जोडा, विचारायची वाट बघू नका.

आणि ही अट दाखल करण्यापुरती नाही. माणूस तिकडे असेपर्यंत दोन्हीकडचा धंदा खराखुरा चालू राहिला पाहिजे. भारतातलं दुकान बंद करून सगळे तिकडे गेले, की एल-१चा पाया गेला.

मॅनेजर कोणाला म्हणायचं

नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी आपल्याकडच्या पदनामांची गत झाली आहे. असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट म्हणून कार्ड छापलेला माणूस दिवसभर स्वतःच कोटेशन टाइप करतो. एल-१एच्या फाइलमध्ये पदनामाला वजन नाही. वेळ कुठे जातो त्याला आहे.

माणसं सांभाळणारा मॅनेजर असेल तर त्याच्या हाताखालची माणसं स्वतः सुपरवायझर, मॅनेजर किंवा व्यावसायिक पदवी लागणाऱ्या पदांवरची असावी लागतात. वेल्डरांवर देखरेख करणारा फोरमन यात बसत नाही, मग तो कितीही हुशार असो. पदवी लागणाऱ्या पदांवरच्या सहा डिझाइन इंजिनिअरांचा प्रमुख मात्र बसू शकतो. नेमणुका, काढून टाकणं, पगारवाढ यांत त्याचा अधिकार दिसायला हवा. दुसरा प्रकार एखादं महत्त्वाचं कार्य सांभाळणाऱ्या फंक्शन मॅनेजरचा. त्याच्या हाताखाली थेट माणसं नसली तरी चालतं, पण ते कार्य प्रत्यक्ष पार पाडणारं दुसरं कुणीतरी आहे हे दाखवावं लागतं. ती माणसं भारतातल्या टीममधली असली तरी त्यांची नावं आणि कामं द्या.

सगळ्यात जास्त फाइली अडतात त्या कामाच्या वर्णनावर. 'धोरणात्मक नियोजन आणि एकूण कामकाजाची जबाबदारी' या वाक्यातून अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'आठवड्याला साधारण १२ तास: दोन्ही प्लँट मॅनेजरांबरोबर उत्पादनाचा आढावा, तिसरी शिफ्ट सुरू करायची की काम बाहेर द्यायचं याचा अंतिम निर्णय. साधारण ८ तास: २५ लाखांपर्यंतच्या खरेदीची मंजुरी, अधिकाराचा बोर्ड ठराव परिशिष्टात. साधारण ६ तास: विक्री आणि गुणवत्ता विभागप्रमुखांचं मूल्यमापन आणि नेमणुका.' असे सहा-सात मुद्दे, प्रत्येकाला वेळ, प्रत्येकामागे एखादा नमुन्याचा कागद. बेरीज १०० टक्के होते का बघा. इथल्या पदाचा आणि तिथल्या पदाचा असे दोन वेगळे तक्ते करा. एकच तक्ता शहराचं नाव बदलून दोनदा चिकटवलेला लगेच कळतो.

ऑर्ग चार्टवर नुसते चौकोन नकोत. प्रत्येक चौकोनात नाव, पद, शिक्षण, पगार आणि एका ओळीत काम. आणि तो चार्ट पगारपत्रकाशी जुळवा. चार्टवर ११ माणसं आणि पगारपत्रकावर ७, ही तफावत आरएफईला (आणखी पुरावे मागणाऱ्या पत्राला) आमंत्रण देते.

एल-१बी: विशेष ज्ञान म्हणजे नुसती हुशारी नव्हे

जावा, एसएपी, पायथॉन यातलं प्रावीण्य बाजारात मिळतं, ते विशेष ज्ञान नाही. कंपनीचं स्वतःचं उत्पादन, यंत्रणा, संशोधन किंवा तंत्र यांचं असाधारण ज्ञान, किंवा कंपनीच्या कार्यपद्धतींचं पुढच्या पायरीचं ज्ञान असं ते हवं. ते पेटंट घेतलेलं किंवा जगात एकट्याकडेच असलेलं असावं अशी अट नाही. यूएससीआयएसने (हे अर्ज तपासणारं अमेरिकी खातं) २०१५च्या मार्गदर्शनात ते स्पष्ट केलं आहे. पण इतरांशी तुलना करून दाखवावी लागते.

तुलना आकड्यांत करा. या विभागात ४० इंजिनिअर आहेत. त्यांतल्या तिघांनीच या चाचणीयंत्रणेचं कॅलिब्रेशन मॉड्यूल लिहिलं. नव्या अनुभवी इंजिनिअरला ते स्वतंत्रपणे हाताळायला १४ महिने लागतात, आणि हे अमुक ट्रेनिंग नोंदींवरून दिसतं. माणसाने घेतलेली अंतर्गत प्रशिक्षणं, लिहिलेली मॅन्युअल्स, इतरांना दिलेलं ट्रेनिंग हे सगळं जोडा. ग्राहकाची गुपितं झाका, पण इतकीही नको की पानभर काळी पट्टीच उरावी.

आयटी कंपन्यांनी एल-१ व्हिसा रिफॉर्म अ‍ॅक्ट २००४ विसरू नये. एल-१बीवरचा माणूस मुख्यतः ग्राहकाच्या जागेत बसणार असेल आणि त्याच्यावर ताबा ग्राहकाचा असेल, किंवा तो नुसता मनुष्यबळ म्हणून पुरवला असेल, तर अर्ज नामंजूर होतो. म्हणून काम नेमून कोण देतं, रजा कोण मंजूर करतं, मूल्यमापन कोण करतं हे लिहून द्या आणि ग्राहकाशी झालेला करार व एसओडब्ल्यू (कामाची व्याप्ती ठरवणारा कागद) जोडा. एसओडब्ल्यूमध्ये 'ग्राहकाच्या मॅनेजरच्या निर्देशाखाली' असं वाक्य असेल तर वर्णन कितीही छान लिहा, ते वाक्य तुम्हाला पाडणार.

शाखाच नवी असेल तर

एक वर्षापेक्षा कमी काळ धंदा करणारी शाखा म्हणजे 'नवं ऑफिस'. तिथे क्रम महत्त्वाचा.

आधी कंपनी नोंदवा. मग ईआयएन (कंपनीचा अमेरिकी करक्रमांक). जबाबदार व्यक्तीकडे अमेरिकी सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा आयटीआयएन (व्यक्तीचा अमेरिकी करक्रमांक) नसेल तर ऑनलाइन ईआयएन मिळत नाही. फॉर्म एसएस-४ फॅक्सने किंवा फोनवरून करावा लागतो. मग बँक खातं, मग भारतातून भांडवल, मग जागा. संचालकाने बी-१वर जाऊन बैठका घेणं, जागा बघून करार करणं, खातं उघडणं चालतं. तिथे बसून धंदा चालवणं चालत नाही.

जागा खरी हवी आणि धंद्याला पुरेशी. टपालपेटीवजा व्हर्च्युअल ऑफिस किंवा नातेवाइकाच्या घरातली खोली यावर फाइल पडते. सुटे भाग साठवून विकायचे असतील तर गोदामाची जागा दिसली पाहिजे. दोन टेबलांच्या को-वर्किंग जागेत पॅलेट कुठे ठेवणार हा प्रश्न कुणालाही पडेल. भाडेकरार, आराखडा, आत-बाहेरचे फोटो जोडा. पाहणीला माणूस येऊ शकतो, म्हणून दारावर पाटी लावा.

किती गुंतवणूक हवी याचा आकडा नियमात नाही. पण बिझनेस प्लॅनमधला खर्च आणि खात्यातली रक्कम यांचा मेळ बसला पाहिजे. पहिल्या वर्षी चार माणसं घेणार असं लिहिलं आणि खात्यात २० हजार डॉलर, तर प्लॅनवर कोण विश्वास ठेवणार? महिनावार नेमणुका, पदं, पगार, अपेक्षित ग्राहक, हाती असलेले हेतुपत्र किंवा ऑर्डरी असं लिहा.

वर्ष संपल्यावर वाढ मागताना यूएससीआयएस हाच प्लॅन काढून बसतं. तेव्हा शाखेत रोजचं काम करणारी माणसं असावी लागतात, कारण मॅनेजरच माल पॅक करत असेल तर तो मॅनेजर राहत नाही. फॉर्म ९४१ ही तिमाही पगारविवरणं, डब्ल्यू-२ (कर्मचाऱ्याचं वर्षाचं पगारविवरण), राज्याला दिलेले वेतन अहवाल, कर विवरणपत्र, इन्व्हॉइसेस, बँक स्टेटमेंट हा पुरावा. सगळी माणसं १०९९वर म्हणजे कंत्राटी दाखवली तर बाजू लंगडी पडते. पहिली नेमणूक चौथ्या महिन्याच्या आत करा. दहाव्या महिन्यात घाईने घेतलेले दोघेजण अधिकाऱ्याला बरोबर दिसतात.

जाणारा माणूस स्वतःच कंपनीचा मोठा मालक असेल तर आणखी एक गोष्ट दाखवावी लागते: त्याची तिथली सेवा तात्पुरती आहे आणि ती संपल्यावर त्याची परदेशी कंपनीत बदली होईल. साधा बोर्ड ठराव आणि इथल्या पदाची तरतूद, एवढ्याने सुरुवात होते.

अर्ज, फी आणि टपाल

पिटिशन अमेरिकी कंपनी भरते: फॉर्म आय-१२९ आणि एल पुरवणी. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दराने मूळ फी १,३८५ डॉलर. अमेरिकेत २५ किंवा कमी पूर्णवेळ कर्मचारी असतील (भगिनी कंपन्या धरून) तर ६९५. शिवाय असायलम प्रोग्रॅम फी ६०० डॉलर, लहान कंपनीला ३००. फसवणूक-प्रतिबंध फी ५०० डॉलर. अमेरिकेत ५० वा अधिक कर्मचारी असून निम्म्याहून अधिक एच-१बी किंवा एल-१वर असतील तर वर ४,५०० डॉलर. प्रीमियम प्रोसेसिंग घेतलं, तर सुमारे ३,००० डॉलर देऊन कामकाजाच्या १५ दिवसांत काहीतरी उत्तर येतं. 'काहीतरी' म्हणजे मंजुरीच असं नाही; आरएफईसुद्धा उत्तरच.

फी आणि फॉर्मची आवृत्ती-तारीख पाठवण्याच्या दिवशी यूएससीआयएसच्या साइटवर पुन्हा बघा. एका डॉलरची चूक किंवा जुनी आवृत्ती असेल तर अख्खं पाकीट परत येतं. २८ ऑक्टोबर २०२५ नंतर कागदी चेक सर्वसाधारणपणे घेत नाहीत. कार्डासाठी फॉर्म जी-१४५० किंवा अमेरिकी खात्यातून वळतं करायला जी-१६५० लागतो. नव्या शाखेचं खातं उघडायचं राहिलं असेल तर कार्डाची मर्यादा आधी वाढवून घ्या, ऐन वेळी व्यवहार नाकारला की पुन्हा पहिल्यापासून.

मराठीतला प्रत्येक कागद (जन्मदाखला, विवाह नोंदणी, गावच्या ग्रामपंचायतीचा दाखला) संपूर्ण इंग्रजी भाषांतरासह द्यावा लागतो. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सही करून लिहायचं. नोटरीची गरज नाही.

आरएफई आली तर उत्तराला साधारण कमाल ८४ दिवस मिळतात, आणि उत्तर एकदाच देता येतं. अर्धे कागद आता, अर्धे नंतर असं जमत नाही.

मोठ्या समूहांसाठी ब्लँकेट एल असतो. त्यासाठी अमेरिकेत एक वर्षापेक्षा जुनं ऑफिस, देशात-परदेशात मिळून तीन किंवा जास्त शाखा, आणि यांपैकी एक हवं: मागच्या १२ महिन्यांत किमान १० एल मंजुऱ्या, अमेरिकेत २.५ कोटी डॉलरची वार्षिक विक्री, किंवा अमेरिकेत १,००० कर्मचारी. मग प्रत्येकासाठी पूर्ण पिटिशन न भरता फॉर्म आय-१२९एस घेऊन माणूस थेट कॉन्सुलेटमध्ये जातो. निर्णय खिडकीवर होतो, तोही काही मिनिटांत, म्हणून पत्र चार-पाच पानांचं आणि नेमकं ठेवा. बी प्रकारात ब्लँकेटवर फक्त पदवीधर व्यावसायिक जाऊ शकतात. तिथे नकार आला तरी वेगळं पिटिशन भरण्याचा रस्ता उरतो.

बीकेसीची खिडकी

पिटिशन मंजूर झालं की आय-७९७ ही मंजुरीची नोटीस येते. मग डीएस-१६० हा ऑनलाइन व्हिसा अर्ज, २०५ डॉलर व्हिसा फी, बोटांचे ठसे आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत. पिटिशनची पूर्ण प्रत माणसाने वाचलेली असणं हीच खरी तयारी. वकिलाने लिहिलं २२ जणांची टीम, आणि खिडकीवर साहेब म्हणाले 'दहा-बारा असतील', की २२१(जी)ची, म्हणजे निर्णय अडवून ठेवल्याची, चिठ्ठी हातात.

हमखास येणारे प्रश्न: तुमच्या हाताखाली कोण कोण, त्यांचं शिक्षण काय, तुम्ही गेल्यावर इथलं काम कोण बघणार, हे काम तिथलाच माणूस घेऊन का होत नाही, पगार किती आणि कोण देणार. उत्तरं पाठ करून नव्हे, स्वतःच्या शब्दांत.

सातबारा, एफडीच्या पावत्या, आईवडिलांचे फोटो न्यायची गरज नाही. परत येण्याची हमी पटवून देण्याची जी अट पर्यटक व्हिसाला असते, ती एल-१ला नाही. पुढे ग्रीन कार्डाचा विचार असणं हेही एल-१च्या आड येत नाही.

नावाची भानगड मात्र आधी मिटवा. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, पदवीवर आडनाव आधी, फॉर्म १६वर मधलं नाव गायब, पत्नीचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि विवाह दाखल्यावर सासरचं: महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत हेच चित्र. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा, बाकीच्यांसाठी प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली नोंद ठेवा. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच कोरा असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढे बँकेत, ड्रायव्हिंग लायसन्सवर सगळीकडे त्रास.

पती किंवा पत्नी आणि २१ वर्षांखालच्या अविवाहित मुलांना एल-२ हा कुटुंबीयांचा व्हिसा मिळतो. आय-९४वर (अमेरिकेत प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची सरकारी नोंद) एल-२एस अशी नोंद असलेल्या जोडीदाराला वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येते. आईवडिलांना एल-२ नाही.

पगार आणि कर

एल-१ला ठरावीक वेतनपातळी नसली तरी अमेरिकेचे किमान वेतन आणि ओव्हरटाइमचे कायदे लागू होतातच. बंगळुरूच्या शाखेतून आठ जणांना कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आणून तिथेही भारतीय दराने, तासाला १.२१ डॉलर, पगार देणाऱ्या एका कंपनीकडून अमेरिकी श्रम खात्याने २०१४ मध्ये थकबाकी वसूल केली आणि दंडही लावला. भत्ता म्हणजे पगार, असं गृहीत धरू नका.

भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही. जर्मनीला माणूस पाठवताना ईपीएफओकडून कव्हरेज सर्टिफिकेट घेऊन तिथली पेन्शन वर्गणी टाळता येते. अमेरिकेसाठी ती सोय नाही. माणसाच्या पगारातून ७.६५ टक्के आणि कंपनीकडून तितकेच जातात. पेन्शनसाठी साधारण दहा वर्षांची वर्गणी लागते आणि एल-१ए सात वर्षांत संपतो, हा हिशेब खर्चाच्या पत्रकात आधीच धरा. भारतीय पगार चालू ठेवला तर इथला पीएफही चालू राहतो.

निघण्याची तारीख आर्थिक वर्षाकडे बघून ठरवा. नोकरीसाठी देश सोडणारा माणूस त्या एप्रिल-मार्चमध्ये भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर तो इथे अनिवासी ठरतो. म्हणजे सप्टेंबरचा तिसरा-चौथा आठवडा ही रेघ. तिकडे पोचल्यावर भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली तर एफबीएआर (परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकी फॉर्म) भरावा लागतो. म्युच्युअल फंडांवर अमेरिकी कर किचकट पडतो. विकायचे असतील तर जाण्यापूर्वी सीएशी बोला.

पोचल्यावर बघायच्या तारखा

विमानतळावरून बाहेर पडल्यावर दोन दिवसांत आय-९४ ऑनलाइन काढून बघा. व्हिसाचा शिक्का पाच वर्षांपर्यंतचा मिळू शकतो, पण राहण्याचा हक्क आय-९४वरच्या तारखेपर्यंतच. शिक्क्यावर २०३१ दिसतंय म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाचा आय-९४ तीन वर्षांत संपलेला असतो, हा ब्लँकेटवाल्यांचा नेहमीचा अपघात. पासपोर्ट लवकर संपत असेल तर अधिकारी आय-९४ही तिथवरच देऊ शकतो. त्यामुळे जाण्याआधी पासपोर्ट नवा करा.

वाढीचं पिटिशन मुदत संपायच्या सहा महिने आधीपासून भरता येतं. वेळेत भरलं तर निकाल येईपर्यंत २४० दिवस काम चालू ठेवता येतं. भारतात सुट्टीवर किंवा कामावर घालवलेले पूर्ण दिवस पाच किंवा सात वर्षांच्या मर्यादेतून वजा करून परत मिळवता येतात. त्यासाठी बोर्डिंग पास आणि शिक्क्यांच्या प्रती एका फोल्डरात ठेवा.

नोकरी सुटली तर ६० दिवसांपर्यंत, किंवा आय-९४ आधी संपत असेल तर तोवर, राहता येतं. एल-१वर दुसऱ्या कंपनीत जाता येत नाही. काम बदललं, कंपनीची मालकी बदलली, विलीनीकरण झालं, की सुधारित पिटिशन लागतं का हे त्याच आठवड्यात वकिलाला विचारा. शेअर विकण्याचा करार होतो तेव्हा एचआरला कुणी सांगत नाही, आणि मग वाढ मागताना कळतं की पिटिशनमधली मूळ कंपनी आता मालकच नाही.